न्यूझीलंडच्या दूधसंघाला आमच्या आबांची शिफारस

माणसाने परदेशातल्या नोकरीसाठी अर्ज करावा आणि तो अर्ज तिकडे पोहोचण्याआधी त्याची बातमी दिंद्रुडच्या आठवडी बाजारात पोहोचावी, याला कोणी समाजजीवन म्हणत असेल तर म्हणो. मी म्हणत नाही. अर्ज माझा होता, पात्रता माझी होती, आणि शेवटी जो काही अपमान झाला तोही सर्वस्वी माझाच होता. तरीही त्या दोन महिन्यांत या प्रकरणात ज्याने हात घातला नाही असा एकही परिचित मला आठवत नाही.

मी एका सहकारी साखर कारखान्यात जनसंपर्क अधिकारी आहे. कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण या जिल्ह्यात कारखान्याचे नाव घेणे म्हणजे कोणाची तरी बाजू घेणे होय. त्या वर्षी पावसाने आमच्याकडे पाठ फिरवली. धरणाच्या तळाला भेगा पडल्या, गावोगावी टँकर सुरू झाले, आणि उभा ऊस शेंड्याकडून पिवळा पडत खाली येऊ लागला. कारखाना चालण्याइतका ऊस नव्हता, कारखाना चालण्याइतके पाणीही नव्हते; परंतु दसऱ्याला बॉयलर पेटवण्याचा समारंभ मात्र यथासांग झाला. मंत्रोच्चार झाले, पेढे वाटले गेले, बॉयलरमध्ये लाकडे जळली, आणि ती विझल्यावर पुढे काहीही झाले नाही. त्या समारंभाची बातमी मी लिहिली होती. 'गळीत हंगामाचे वेध' असे तिचे शीर्षक होते आणि भाषेच्या दृष्टीने तिच्यात एकही चूक नव्हती.

अशा स्थितीत अंबाजोगाईला वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आमच्या कन्येने एक जाहिरात पाठवली. न्यूझीलंडमधील शेतकऱ्यांच्या एका सहकारी दूधसंघाला 'हेड ऑफ कॉर्पोरेट कम्युनिकेशन्स' हवा होता. सभासद शेतकऱ्यांशी संवाद साधण्याचा दीर्घ अनुभव आवश्यक होता आणि योग्य उमेदवाराच्या कामाच्या व्हिसाचे प्रायोजकत्व संघ स्वतः घेणार होता. ती जाहिरात मी तीनदा वाचली. आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझे वर्णन छापून त्याखाली 'पाहिजे' असे लिहिले होते.

याहून महत्त्वाचे म्हणजे त्या जाहिरातीत वशिल्याचा कोठेही उल्लेख नव्हता. आमच्याकडे शिपायापासून कार्यकारी संचालकापर्यंत प्रत्येकजण कोणाचा तरी 'माणूस' असतो. मी आबांचा, म्हणजे आमचे अध्यक्ष सुंदरराव यांचा माणूस समजला जातो. केवळ माझ्या कामाकडे पाहून कोणीतरी मला बोलवावे, एवढीच माझी इच्छा होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती इच्छा अवास्तव असेल, परंतु असभ्य खचित नव्हती.

अर्ज केल्याची गोष्ट मी फक्त पत्नीला, विमलला सांगितली. तिने ती फक्त नारायणगडाला सांगितली. म्हणजे व्हिसा आला तर पायी दर्शनाला येईन असा नवस बोलली. परंतु नवस बोलताना ओट्यावर शेजारच्या गीताबाई बसलेल्या होत्या. संध्याकाळी गीताबाईंचे यजमान अर्जुनराव आमच्या अंगणात येऊन बसले.

अर्जुनराव हे जुने मुकादम. दर दिवाळीला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या घेऊन ते पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जात. आता गुडघ्यांमुळे घरी असतात आणि स्वतःच्या दोन एकर उसाची काळजी करतात. त्यांनी तंबाखू मळत मला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"तिकीट त्यांचं का तुमचं?"

मी म्हणालो, त्यांचे.

"ऱ्हायला खोपी?"

मी सांगितले की खोपी नव्हे, घर. पहिले काही महिने संघाच्या खर्चाने.

"अन् मधीच कटाळून पळून आलं तर?"

दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास स्थलांतराचा खर्च परत करावा लागेल असे एक कलम होते, हे मला कबूल करावे लागले.

"मंग उचलच हाय की सायेब. आदी पैसं देऊन गडी बांधून घ्यायचा, त्याला आमी उचल म्हंतो, ते येगळं कायतरी म्हनत असतील. अन् वैनी?"

कुटुंबाचा व्हिसा वेगळा असतो, ती सहा महिन्यांनी येईल, असे मी म्हणताच अर्जुनरावांचा मळता अंगठा थांबला. "म्हंजे अर्धा कोयता," ते गंभीरपणे म्हणाले. "नवरा-बायकू दोगं मिळून एक कोयता धरतेत. एकल्या गड्याला आमी न्हेतच न्हाई. पंध्रा दिसात त्याला घर आठवतंय अन् तो राती मोटारीला लटकून पळतोय. तुमी त्यान्ला सांगा, पुरा कोयता घेत असताल तर येतो."

मी विद्यापीठात मराठीची एम.ए. पदवी घेतलेली आहे. त्यानंतर वृत्तपत्रविद्येची पदविका घेतली आहे. माझ्या आंतरराष्ट्रीय नियुक्तीची तुलना उसाच्या फडाशी व्हावी याचा मला जो संताप आला, तो मी केवळ शेजारधर्म म्हणून गिळला. त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी मी रात्री करारातील कलमे पुन्हा वाचली, आणि ती खोडता येईनात. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत मला विचारणा होऊ लागली, "सायेब, अर्धा कोयता कवा निघतोय?"

यानंतर अनुभवाच्या दाखल्याचा प्रश्न उभा राहिला. न्यूझीलंडला एका कागदावर चार ओळी हव्या होत्या. आमच्या कार्यालय अधीक्षकांनी सांगितले की संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय असा दाखला देता येत नाही. मी म्हणालो, मी इतकी वर्षे येथे काम करतो हे तुम्ही स्वतः रोज पाहता. ते म्हणाले, "मी बघतो, पन मंडळानं बघितलं पाहिजे ना."

मंडळाची सभा भरली. उसाचा विषय पत्रिकेवर असूनही तो पुढे ढकलण्यात आला आणि माझा विषय प्रथम घेण्यात आला. मला वाटले, पाच मिनिटांचे काम आहे. परंतु परदेशातील एक सहकारी संस्था स्वतःहून व्हिसा देते आहे हे कळताच संचालकांमध्ये एकदम सहकाराविषयी आस्था निर्माण झाली. सहकार चळवळीत अभ्यास दौरा ही एक प्राचीन प्रथा आहे. जिथे समुद्रकिनारा किंवा बर्फ आहे तिथला सहकार आमच्या संचालकांना नेहमीच अभ्यासण्यासारखा वाटत आला आहे. दोन तासांच्या चर्चेनंतर ठराव झाला, तो असा: 'श्री. बद्रीनाथ यांना अनुभवाचा दाखला देण्यात यावा; तसेच सदर दूधसंघाने अध्यक्ष व सर्व संचालकांच्या व्हिसाचेही प्रायोजकत्व घ्यावे अशी विनंती श्री. बद्रीनाथ यांच्यामार्फत करण्यात यावी.' सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

मी आबांना भेटून समजावले की हे लग्नाचे निमंत्रण नव्हे. एका माणसाची नेमणूक आहे. आबा मायेने हसले. "आरं, येकाला बोलावलं तर धा जन जात न्हाईत का आपल्याकडं? अन् तू एकला तिकडं परक्या मुलखात काय करशील?" माझ्यावर त्यांचा खरोखर जीव आहे. या साऱ्या प्रकरणातील माझी मुख्य अडचण हीच होती. शत्रूने केलेल्या नुकसानीविरुद्ध माणूस किमान ओरडू तरी शकतो.

दाखला मी पाठवला, ठराव नाही. एका आठवड्याने मुलाखतीचे पत्र आले. त्यांच्या दुपारी आणि आमच्या सकाळी साडेसहाला, मोबाइलच्या पडद्यावर. मी कोट घातला. खिडकीजवळच्या टेबलावर मोबाइल उभा केला. विमलने गल्लीत सर्वांना हात जोडून सांगितले की अर्धा तास आवाज करू नका. सर्वांनी तो शब्द पाळलाही असता. परंतु आठ दिवस न आलेला टँकर नेमका त्याच सकाळी आला.

पडद्यावर हेलनबाई होत्या, दूधसंघाच्या मुख्य अधिकारी. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि बाहेर टँकरचा कर्णा, मग घागरींचा खणखणाट, मग पाइप कोणी आधी धरला यावरून स्त्री-पुरुषांचा एकत्र आवाज. बाईंनी विचारले, तिथे दंगल होते आहे का? मी शक्य तितक्या प्रतिष्ठेने म्हणालो, नाही, पाणी आले आहे. त्या म्हणाल्या, मला दाखवाल का?

मी मोबाइल खिडकीकडे वळवला. हा निर्णय योग्य होता की नाही हे आजही मला ठरवता येत नाही. अर्जुनरावांनी पडदा पाहिला, त्यावरची गोरी बाई पाहिली, आणि ही कोणत्या तरी वाहिनीची वार्ताहर आहे अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी टोपी सारखी केली आणि खिडकीशी येऊन निवेदन सुरू केले. "लिवून घ्या म्हनाव. टँकर आठ दिसाला येतोय. जनावरं इकली. कारखान्यावाले म्हंतेत आज चालू, उद्या चालू. आमचा ऊस उभ्या उभ्या वाळून चाललाय. तोडून चाऱ्याला द्यावा तर कारखाना सुरू व्हायचा, न्हाई द्यावा तर सरपन व्हायचं."

त्यांच्या मागे रांग लागली. प्रत्येकाला न्यूझीलंडला काहीतरी सांगायचे होते. गीताबाईंनी टँकरचालकाची तक्रार केली. टँकरचालकाने येऊन रस्त्याची केली. मी कोटात घामाघूम होऊन एकेकाचे म्हणणे इंग्रजीत सांगत राहिलो. काही गाळावे, काही सौम्य करावे, यासाठी वेळच मिळत नव्हता. एकाचे संपण्याआधी दुसरा बोलू लागे. पाण्याबरोबर माणसे पांगली तेव्हा मुलाखतीची वेळ संपून गेलेली होती आणि मी माझ्या कार्याविषयी एक वाक्यही बोललो नव्हतो.

मी क्षमा मागू लागलो, तेव्हा बाईंनी मला थांबवले. त्या स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या. म्हणाल्या, आमच्याकडेही पाऊस दगा देतो, आणि तेव्हा आमच्या कार्यालयातली माणसे सभासदांपासून तोंड लपवतात. तुम्ही लोकांचे कडू बोलणे जसेच्या तसे माझ्यापर्यंत आणलेत. मला असाच माणूस हवा आहे. आता केवळ तुमच्या वरिष्ठांशी एकदा बोलायचे राहिले आहे. तो एक उपचार समजा.

त्या दिवशी मी जेवलो नाही. आनंदाने पोट भरले होते. विमल मात्र भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "अहो, खरंच जाणार आपण?" आम्ही दोघांनी नकाशा काढून ते बेट शोधले. ती बोट फिरवत म्हणाली, "केवढं पाणी आहे हो सगळीकडून." 

वरिष्ठ म्हणजे आबा. कार्यकारी संचालकांची जागा कित्येक महिने रिकामी होती. आबांना इंग्रजी येत नाही आणि उमेदवाराने त्या संभाषणात हजर राहायचे नाही असा तिकडचा नियम. तेव्हा दुभाषा म्हणून आबांचा भाचा सुग्रीव याला बसवण्यात आले. सुग्रीव महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. त्याच्या इंग्रजीविषयी मला जे ठाऊक होते त्यावरून मी निर्धास्त होतो. आबांनी काहीही म्हटले तरी त्यातले निम्मे समुद्र ओलांडणार नाही असा माझा अंदाज होता. परंतु त्या दिवशी सुग्रीव अचूक बोलला. त्याची क्रियापदे योग्य काळात होती, अव्यये जागच्या जागी होती. त्याच्या अध्यापनाच्या कारकिर्दीत तशी सकाळ पूर्वी उगवली नसावी आणि पुढेही उगवली नाही.

मी सभागृहाच्या दाराबाहेर शिपायाच्या बाकावर बसलो. आत सर्व संचालक फेटे बांधून हजर होते. मोबाइलला हार घातला होता. तो कॅमेऱ्यावर येत होता म्हणून नंतर काढावा लागला. हेलनबाईंनी विचारले की या उमेदवाराचा सर्वांत मोठा गुण कोणता. आबांनी घसा साफ केला. 

"बाई, असा मानूस तुमाला दिवा घेऊन हुडकला तरी घावनार न्हाई. गेल्या साली निम्मा हंगाम कारखाना बंद हुता. यंदा तर भोंगाबी वाजला न्हाई. पन सभासदाच्या मनात शंका आली का? न्हाई आली. कावून न्हाई आली? या बद्रीनाथाची लेखनी. वाईट बातमी हा अशी लिवतो की वाचनाऱ्याला वाटावं, आपल्या घरी पेढं वाटावं. तुमच्या दुधात कायबी खोट निगाली तर भिऊ नगा. हा हाय."

सुग्रीवने हे सारे सांगितले. पेढ्यांना त्याने योग्य शब्दही शोधला. मी बाकावरून उठलो, दाराची कडी धरली आणि पुन्हा बसलो. कारण आत जाऊन मी नेमके काय खोडून काढणार होतो? पुढे आबांनी संचालकांच्या व्हिसाची मागणी घातली, थंडीचे कपडे आम्ही आमचे आणू असे उदारपणे जाहीर केले, आणि टाळ्यांच्या गजरात संभाषण संपले.

बाहेर येऊन आबांनी मला छातीशी धरले. "तुझी नोकरी पक्की," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

पत्र तिसऱ्या दिवशी आले. अत्यंत सभ्य पत्र. आपल्या अध्यक्षांनी आपल्याविषयी इतक्या आपुलकीने बोलणे हे आम्हाला हृद्य वाटले. त्यांनी दिलेल्या माहितीचा विचार करता आपली निवड करणे आम्हाला शक्य होणार नाही. संचालकांच्या विनंतीबद्दल आभार.

मी ते पत्र घेऊन तसाच आबांच्या दालनात गेलो आणि त्यांना मराठीत वाचून दाखवले. ते खरोखर दुखावले. "आता यात मी वंगाळ काय बोललो?" ते म्हणाले. "तुझ्याविषयी एक शबूद तरी वाईट निगाला का माझ्या तोंडून?"

ही माझी खरी तक्रार आहे. एक शब्दही वाईट निघाला नव्हता. त्यांनी जे सांगितले ते सर्व खरे होते, ते त्यांनी प्रेमाने सांगितले होते, आणि त्याचे खंडन करणारा एकही कागद माझ्या कपाटात नव्हता. मी जे केले ते नोकरीचा भाग म्हणून केले; आज्ञेवरून केले; शुद्ध मराठीत केले. त्याबद्दल सातासमुद्रापलीकडच्या एका बाईने, जिने मला एकदाच आणि तेही टँकरच्या गोंधळात पाहिले होते, मला इतक्या नम्रपणे नाकारावे हा अन्याय आहे असे माझे मत तेव्हाही होते आणि आताही आहे.

आबांनी माझी समजूत घालण्यासाठी विषय बदलला. लोक फार विचारायला लागले आहेत, म्हणाले. एक निवेदन काढ, हंगाम लवकरच सुरू होतोय असं कायतरी, तुझ्या पद्धतीनं.

मी तिथेच त्यांच्या टेबलावर बसून लिहिले. मनात सत्यप्रीती होती असा दावा मी करणार नाही; मनात निव्वळ राग होता. बाईला वाटते काय, मला सरळ लिहिता येत नाही? मी चार ओळी लिहिल्या आणि मोठ्याने वाचल्या: "या वर्षी कारखाना सुरू होणार नाही. पुरेसा ऊस नाही आणि पाणी नाही. सभासदांनी कारखान्याची वाट पाहू नये. ऊस हिरवा आहे तोवर तोडून चाऱ्यासाठी विकावा."

 आबांनी चष्मा काढला. खुर्चीत ते एकाएकी लहान दिसू लागले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याबद्दल स्वतःचा अधिकच संताप आला.

"एवढंच?" ते म्हणाले. "पुढं कायतरी गोड लिव की."

"पुढे काही नाही, आबा."

"लोक मला काय म्हंतील?"

"म्हणतील थोडे दिवस. ऊस वाळल्यावर म्हणतील ते याहून वाईट असेल."

त्यांनी तो कागद हातात घेऊन मागची बाजू पाहिली, जणू काही मजकूर तिकडे राहिला असावा. मग तो माझ्याकडे सरकवला. "लाव. पन सही तुझी घाल. माझी नगं."

मी सही केली. त्याआधी मी लिहिलेल्या कोणत्याही मजकुराखाली माझे नाव कधी आलेले नव्हते.

निवेदन संध्याकाळी फलकावर लागले. सकाळी दार उघडले तेव्हा अंगणात माणसे उभी होती. सर्वांत पुढे अर्जुनराव. तेव्हापासून पुढचा तास-दीड तास मला जे ऐकवण्यात आले ते मी येथे उद्धृत करू शकत नाही. त्यातील बराचसा भाग माझ्या दिवंगत मातापित्यांविषयी होता. दसऱ्याला का सांगितलं नाही, बॉयलर कशाला पेटवला, पेढे कशाचे खाल्ले, असे प्रश्न चहूबाजूंनी येत होते. मी सवयीने सुरुवात केली, "सन्माननीय सभासद बंधूंच्या भावनांचा पूर्ण आदर राखून..." मागून विमल हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, सरळ बोला."

मी सरळ बोललो. नाही चालणार. फेब्रुवारीतही नाही. कोणी मंत्री आला तरी नाही. धरणात पाणी नाही. हो, मला ठाऊक होते. हो, दसऱ्यालाही ठाऊक होते. दर उत्तराला एक शिवी मिळत होती आणि दर शिवीमागून एक माणूस वहाणा पायात सरकवून निघून जात होता. शेवटी अर्जुनराव उरले. "नक्की न्हाई ना, सायेब?" त्यांनी विचारले. "परत उद्या बदलायचं न्हाई?"

"नक्की नाही."

ते गुडघ्यावर हात टेकत वळले आणि बायकोला हाक मारत घराकडे गेले. दुपारी त्यांच्या मळ्याकडून ऊस तोडल्याचा आवाज येऊ लागला. दिवेलागणीपर्यंत शिवारात आणखी पाच-सहा ठिकाणी तोडणी सुरू झाली होती आणि हिरव्या उसाने भरलेल्या बैलगाड्या आमच्या दारावरून गुरांच्या चारा छावणीच्या रस्त्याला लागल्या होत्या. मी पायरीवर बसून त्या पाहिल्या. गाडीवानांपैकी एकानेही गाडी थांबवून माझे आभार मानले नाहीत, याची मी येथे रीतसर नोंद करून ठेवतो.